कठड्यावरून उतरल्याचा पुरावा

बंद पडलेल्या फर्निचरच्या गोदामामागे सिमेंटचं मोठं अंगण होतं. तिथे दर रविवारी सकाळी चार मित्र इनलाइन स्केट्स बांधून पडायला जमत. पडणं हाच मुख्य कार्यक्रम होता. मधूनच एखादी उडी साधली तर बाकीचे आरडाओरडा करत आणि विषय तिथेच मिटे. हा गलथान कारभार तब्बल दोन वर्षं चालला.

मग एका रविवारी दंतवैद्याने सांगितलं, की काल संध्याकाळी तो एकटाच आला होता आणि त्याने तीन पायऱ्या एका उडीत ओलांडल्या.

"फोटो आहे?" विमावाल्याने विचारलं. तो विमा कंपनीत दावे तपासायचा. सख्खी आई ताप आलाय म्हणाली तरी हा आधी कागद मागायचा.

फोटो नव्हता. तेव्हा ठरलं, की जिचा फोटो नाही ती उडी झालेलीच नाही. ठरलं थट्टेत, पण विमावाल्याने ते कलम चार म्हणून लिहून ठेवलं. पहिली तीन कलमं त्याच्याकडे आधीपासून तयार होती.

त्या दिवशी सगळ्यांत जास्त हसली ती भिंगरी. चष्म्याच्या दुकानात ती दिवसभर काचा घासत बसे, पण पायात स्केट्स चढले की एका जागी ठरत नसे, म्हणून हे नाव. तिला एकच ध्यास होता, गोदामाच्या अकरा पायऱ्यांचा लोखंडी कठडा. वरून उडी घेऊन कठड्यावर चढायचं, तळापर्यंत घसरत यायचं आणि दोन्ही पायांवर उतरायचं. सात महिने ती त्यावरून आपटत होती. घरी बाबांची समजूत अशी, की मुलगी रविवारी कुठेतरी मार खाऊन येते.

कॅमेरा दंतवैद्याने घेतला आणि महिन्याभरात एक गंभीर अडचण उघडकीस आली. स्केट्सवरची माणसं हलतात. फोटो धूसर येऊ लागले. "जरा सावकाश उडी मारता येईल का?" तो दाढ काढण्याआधीच्या मऊ आवाजात विचारी. सावकाश उडी मारून पाहण्यात दोघांचे गुडघे फुटले. म्हणून कलम सहा आलं. फोटोच्या वेळी सभासदाने हलू नये. चाकं सुतळीने बांधायची आधी मुभा होती, पुढे सक्ती झाली. चौथा मित्र म्हणजे विमावाल्याचा मेहुणा. तो आजवर फक्त चांगले कपडे घालून येत असे. त्या महिन्यात त्याची प्रगती डोळ्यांत भरण्यासारखी होती.

यथावकाश मंडळ नोंदलं गेलं, विमावाला चिटणीस झाला आणि स्पर्धा जाहीर झाली. जिंकेल तो बाहेरगावच्या मोठ्या स्पर्धेत मंडळातर्फे जाणार. जागा एकच. भिंगरीला ती हवी होती. हवी म्हणजे इतकी, की त्या आठवड्यात तिने दोन गिऱ्हाइकांना एकमेकांचे चष्मे दिले.

स्पर्धेच्या सकाळी तिन्ही परीक्षक पायऱ्यांकडे पाठ करून बसवलेले होते.

"मी घसरत येताना हे बघणारच नाहीत?" तिने विचारलं.

"प्रत्यक्ष पाहिलं की मत बनतं," विमावाला म्हणाला. "मग फोटोवर अन्याय होतो."

मेहुण्याला दोन नव्या सभासदांनी काखेत हात घालून कठड्यावर उभं केलं. त्याने हात पसरले, हनुवटी वर केली. दंतवैद्याने धरणारे दोघे बाहेर राहतील असा फोटो घेतला.

"अहो, त्याला धरलंय," भिंगरी म्हणाली.

"चौकटीबाहेरचं मंडळाच्या अखत्यारीत येत नाही," विमावाला म्हणाला.

तिचं डोकं फिरलं. कोपऱ्यात बाबा उभे होते, इस्त्रीचा शर्ट घालून, पहिल्यांदाच आलेले. "बाबा, तुम्ही फक्त बघा," असं सांगून ती वर गेली आणि तिने सुतळ्या सोडून टाकल्या.

तिने चार ढांगांत वेग घेतला, उडी मारली, लोखंडावर स्केट्स खरखरले आणि अकराच्या अकरा पायऱ्या बाजूने निघून गेल्या. ती दोन्ही पायांवर उतरली. सात महिन्यांत पहिल्यांदा काहीही दुखलं नाही आणि तिला रडू येईल इतका आनंद झाला. तो दोन सेकंद टिकला. सगळा कठडा फोटोत मावावा म्हणून दंतवैद्य मागे मागे सरकत नेमका तिच्या वाटेत आला होता. त्याला चुकवताना ती मनगटावर पडली.

फोटो पाहिला. कठडा सुरेख आला होता. त्यावर कोणी नव्हतं.

"बाबा, तुम्ही तरी पाहिलंत ना?"

"बघणारच होतो गं," बाबा ओशाळून म्हणाले. "पण शूटिंग चुकू नये म्हणून फोनकडे बघत होतो." फोनमध्ये चाळीस सेकंद बाबांचा अंगठा होता. मनगटापेक्षा भिंगरीला तो अंगठा जास्त लागला.

तिने हार मानली नाही. प्लास्टर घातल्या हाताने तिने मनगटाचा एक्स-रे मंडळाकडे पाठवला. दंतवैद्याने तो उजेडात धरून पाहिला आणि मान्य केलं, की फोटो स्पष्ट आहे, हललेला नाही. दप्तरात नोंद झाली: सभासद सपाट जमिनीवर उभी असताना पडली, पुरावा ग्राह्य. बाहेरगावी मेहुणा गेला. धरणाऱ्या दोघांचं तिकीट मंडळाने काढलं.

भिंगरी अजूनही ही हकिकत दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला सांगते. माणसं मन लावून ऐकतात, हळहळतात, मंडळाला शिव्या घालतात आणि निघताना दारात थांबून विचारतात, "पण एखादा फोटो आहे का हो?"

तुमच्याही ओठांवर तेच आलं होतं, हे विमावाल्याला ठाऊक आहे. तुमच्या नावाचा सभासदत्वाचा अर्ज त्याने भरून ठेवला आहे. सोबत दोन फोटो जोडायचे आहेत. काढताना हलू नका.