फुल्क्रांकाकांचा आराम

फ्रान्सच्या दक्षिणेला, कालव्याकाठच्या आमच्या रुविनाक गावावरून उन्हाळाभर बोटी जातात. त्या माणसाच्या चालीने चालतात. तेवढ्यासाठी लोक विमान पकडून घाईघाईने येतात.

एका सप्टेंबरात अशाच एका बोटीवरून तक्रार आली. फुल्क्रां बुस्के यांच्या मळ्यातलं द्राक्षतोडणीचं यंत्र आवाज करतं, त्यामुळे मळा पाहण्यातला आनंद उणावतो. सरपंच रेजीनबाईंनी तातडीने पर्यटन समिती बोलावली. मीही समितीत आहे. तक्रार रास्त असल्याबद्दल एकमत झालं आणि बोट नजरेच्या टप्प्यात असेतोवर यंत्र बंद ठेवावं, असा ठराव झाला. सप्टेंबरात बोटी दिवसभर नजरेच्या टप्प्यात असतात, हे आम्हाला माहीत होतं. पण तो त्या दिवशीचा विषय नव्हता.

फुल्क्रांकाका मळ्यातल्या चिखलाच्या बुटांसकट समितीपुढे आले. त्यांचं म्हणणं इतकंच होतं की द्राक्षं पिकलीत, आभाळ भरून येतंय आणि पाऊस काही ठराव विचारून पडणार नाही.

"काका, हाताने तोडा ना," रेजीनबाई म्हणाल्या. त्या काकांच्या सख्ख्या पुतणी. "किती छान दिसतं ते."

"छान दिसायला माणसं लागतात, पोरी. ती कुठून आणू?"

माणसं बोटींवर होती. समितीने 'द्राक्षतोडणीचा अनुभव' सुरू केला. पाहुणे गवती टोप्या घालून मळ्यात उतरले. ते घड तोडायचे, उन्हात धरायचे, फोटो काढायचे आणि खाऊन टाकायचे. दुपारी सगळे झोपायचे, कारण आले होतेच त्यासाठी. काकांची बायको ओदेतकाकू टोपली घेऊन त्यांच्यामागून हिंडायची आणि रिकामी टोपली घेऊन परतायची. मग पाऊस आला. पाहुण्यांना तोही आवडला. उरलेली द्राक्षं वेलीवरच कुजली. ती पाहायला काका दोन दिवस मळ्यात गेलेच नाहीत.

त्या साली काकांची वाइन झाली नाही. पण बोटी चवीसाठी थांबतात, म्हणून समितीने दुसऱ्या जिल्ह्यातून टँकर मागवला आणि काकांच्या तळघरातली पिंपं भरली. एका पाहुण्याने घोट जिभेवर घोळवला, डोळे मिटले आणि सांगितलं की समोरच्या उताराची माती या वाइनमध्ये बोलते. काकांनी उताराकडे पाहिलं आणि मान डोलावली. पाहुण्याशी वाद घालायला बंदी होती.

वसंतात काकांनी यंत्र विकलं. वेली राखायच्या, कारण त्या दिसतात. पीक घ्यायचं नाही, कारण ते काढावं लागतं. काकांना कालव्याकाठच्या चिनाराखाली बसायची नोकरी मिळाली. डोक्यावर काळी टोपी, पुढ्यात पेला. डुलकी चालेल, घोरणं नको. हात हलवायचा, पण बोटीवाल्यांनी हलवल्यानंतर. काकू डबा घेऊन आली, तेव्हा तिची प्लास्टिकची पिशवी दृश्यात शोभत नाही म्हणून तिला झाडामागे उभं केलं.

जन्मभर वेली छाटून न दुखलेली काकांची पाठ खुर्चीने धरली. डॉक्टरांनी सक्त विश्रांती सांगितली. आराम हीच ज्याची नोकरी, त्याने विश्रांती घ्यायची कशी, यावर समिती बराच वेळ बसली. शेवटी दोघांना आठवडाभर बोटीवर पाठवायचं ठरलं. काका जायला तयार नव्हते. "त्या डबड्यात मी मेलो तरी बसणार नाही," असं त्यांनी सगळ्या गावाला ऐकवलं आणि मग काकूने बॅग भरली.

परतले ते पार बदलून. गाल लाल, चाल सैल. आम्ही त्यांना गराडा घातला. त्यांनी पुढच्या गावांचे फोटो दाखवले. एका फोटोत हिरवा उतार होता आणि त्यावर वाकलेली माणसं.

"गाव झकास आहे," काका म्हणाले. "फक्त तिथली माणसं सारखी राबत असतात. तीही अगदी काठाला, डोळ्यांसमोर. जिवाला स्वस्थता म्हणून नाही. मी त्यांच्या सरपंचांच्या कानावर घालून आलोय."

आम्हा सगळ्यांना ते पटलं. पुढच्या उन्हाळ्यात तुम्ही त्या बाजूला गेलात, तर तुम्हालाही आवडेल. तिथे आता चांगली शांतता असेल.