वळण आलं गो बाय

पास्कल अंकल बायकोबरोबर साध्या रिक्षात बसले, तरी वळणाआधी ओरडतात. "डावं वलन आलं गो बाय, पाय रोवून ऱ्हा!" रिक्षावाला दचकून मागे बघतो.

आमच्या बाळकुमच्या सोसायटीमागे, गावठाणात त्यांचं घर. धंदा घोड्यांची ने-आण. कल्याणच्या तबेल्यातून लग्नाची घोडी टेम्पोत चढवायची, ठाण्यातल्या हॉलवर उतरवायची, वरात संपली की परत. मागे उभ्या घोडीला वळण, ब्रेक, खड्डा, सगळं आधी ओरडून सांगायचं. "न सांगता बिरेक मारला तं जनावर तोंडावर पडल," म्हणतात. ते ठीक, पण चर्चच्या पायऱ्यांवरही तेच, "पायरी आली गो बाय!" अख्खं बाळकुम हसतं. मीही पोट धरून हसलोय.

त्यांची बायको, फिलोमिना आंटी, कायम सोबत. घोडीच्या आयाळीच्या वेण्या घालून त्यांत मोगरा गुंफावा तो तिनेच. बाई मात्र शिष्ट. समोरून हात केला तर ओळखसुद्धा देत नाही, नाक आपलं वर.

माझ्या भाच्याच्या लग्नाला घोडी अंकलच आणणार होते. वाट दाखवायला मी कल्याणहून टेम्पोत बसलो. आंटी मधे. कळव्याच्या अलीकडे मी तिच्यापुढे पेढा धरला. तिचा हात वीतभर बाजूला हवेतच चाचपडत राहिला.

अंकलनी तिचं मनगट धरून पेढ्यापाशी नेलं. "तीन वर्सं झाली," रस्त्यावरची नजर न काढता ते म्हणाले. "कोनाला बोलू नको. आंधलीला कोन घोडी सजवाया देल? काम सुटलं तं ही खाटेवर बसून मरल."

"बोटांना समदं कलतं रे माझ्या," आंटी म्हणाली. "पन याला लोक येडा बोलतात, त्याचं वायट वाटतं."

"बोलूं दे. येड्याला कोन काय इचारीत नाय."

मला माझ्या हसण्याची फार लाज वाटली.

कोपरीला हॉलपाशी टेम्पो थांबला. ताशा ऐकून घोडी बिथरली, अंकल मागे धावले, तिला खाली उतरवलं आणि तिचा दोर धरून तिथेच अडकले. मी उतरून उभा. आंटीने दाराबाहेर पाय काढला आणि तो तसाच अधांतरी ठेवला. खाली गटाराचं झाकण अर्धं उघडं होतं. समोर सगळे नातेवाईक, फेटे बांधलेले, माझ्या ऑफिसचे साहेबही. हात धरावा तर सगळ्यांना कळणार.

"पायरी आली गो बाय!" मी बेंबीच्या देठापासून ओरडलो. "उजवीकडं खड्डा हाय, डावा पाय टाक!"

हशा पिकला. "मामा, तुम्हालाही लागण झाली?" भाचा फेटा सावरायचं सोडून हसत होता. साहेब तर डोळे पुसत होते.

आंटीने डावा पाय बरोब्बर टाकला. मी तसाच ओरडत, लोकांना हसवत पुढे चालत राहिलो, आणि ती नाक वर करून माझ्या आवाजामागे थेट घोडीच्या मानेपर्यंत आली.