शुक्रवारचा ढग

आमचे शेजारी इक्बालभाई माणसाचं तोंड नंतर बघतात, आधी छप्पर बघतात. माझ्या सासूबाई गेल्या तेव्हा भेटायला आले. मान खाली घालून बसले, खरोखरचे डोळे पुसले आणि उठता उठता मला म्हणाले, "ताई, तुमची दक्षिण बाजू एकदम मोकळी हाय बघा."

आता काय बोलणार या माणसाला! दिवसकार्य उरकलं आणि आमच्या गच्चीवर सोलर बसलं.

मुळात हे वायरमन. कर्जतपासून साजगावपर्यंत कुणाचा पंखा थांबो की पंप जळो, "इक्बालभाईला बोलव रं!" ही हाक ठरलेली. मग खोपोलीच्या एका सोलरवाल्याने त्यांना हेरलं. घराघरांत ओळखीचा माणूस, विकायला याच्याइतका चांगला कोण मिळणार? त्याने इक्बालभाईंना टाय दिला. टाय गळ्यात आला, पण खिशातला टेस्टर काही हलला नाही. टाय लावून दारात उभे राहतात आणि म्हणतात, "ऊन फुकट हाय रं! मी फक्त त्याला कामाला लावतो."

विकून गप्प बसतील तर शपथ. कुणी बोलावलेलं नसताना बादली घेऊन पॅनल धुवायला हजर. "पॅनल म्हंजे जेवणाचं ताट, ताई. खरकट्या ताटात कोण जेवतं?" एकदा मी दोरीवर साडी वाळत घातली, तिची सावली पॅनलच्या कोपऱ्यावर पडली. तर खालून रस्त्यावरून ओरडले, "साडी काढा! अख्खी लाईन झोपली तुमची!" सगळी आळी बघत होती. असा राग आला मला!

एकदा चहा पिताना म्हणाले, "सोलरचा एकच दोष हाय. बिघडत नाय."

"मग बरंच की."

"काय बरं? आधी फोन जेवू देत नव्हता." त्यांनी मोबाइल काढून बघितला, परत ठेवला. "माणूस बिघाड झाल्यावरच फोन करतो, ताई. बिघाड नाय, तर आठवण नाय."

भाभी गेल्यापासून घरात ते एकटेच. एकुलती एक रुबीना लग्न होऊन मस्कतला. मी म्हटलं, "मग तुम्हीच लावा की पोरीला फोन."

"ती नोकरी करते, घर बघते. बापानं कशाला मधेमधे करायचं? तिला वाटलं तर ती करेल."

आणि फोनची वाट बघत बसायचं. मागे सुट्टीवर आली तेव्हा रुबीनाने बापाच्या गच्चीवरच्या सोलरचं ॲप स्वतःच्या मोबाइलवर घेतलं होतं. इथे किती वीज तयार होते, ते तिला तिथे बसून दिसतं.

एका शुक्रवारी दुपारी मी मिरच्या वाळत घालायला गच्चीवर गेले. बघते तर नमाजाहून आलेले इक्बालभाई भर उन्हात आपल्या पॅनलवर जाड चादर पसरतायत! मला सापडलेच की.

"काय हो? माझ्या साडीने लाईन झोपते, आणि ही चादर काय अंगाई गाते?"

त्यांनी ओठांवर बोट ठेवलं. थोड्या वेळात त्यांचा फोन वाजला. त्यांनी तो स्पीकरवर घेतला.

"अब्बा! वीज एकदम कमी कशी झाली? तुम्ही बरे हाय ना?"

"बरा हाय गं. ढग आलाय." वर आभाळ नुसतं तापलेलं. "तू जेवलीस का? आज सुट्टी ना तुला?"

आणि मग किती वेळ बोलत होते बापलेक! मी मिरच्या तशाच टाकून खाली आले. त्यानंतर दर शुक्रवारी ढग यायला लागला. मी कुणाला बोलले नाही.

परवाच्या शुक्रवारी इक्बालभाई नेरळला गिऱ्हाइकाकडे अडकले. दुपार कलली तरी त्यांचे पॅनल उघडेच. मला काही सुचेना, कामात लक्ष लागेना. आमच्या दोन गच्च्यांमध्ये कमरेएवढा कठडा आहे. या वयात तो ओलांडला आणि सासूबाईंची गोधडी नेऊन त्यांच्या पॅनलवर अंथरली.

खाली येऊन, त्यांना सांगावं म्हणून फोन लावला. बिझी होता. नंतर लावला, तरीही बिझी.

गोधडी मी अंधार पडल्यावर काढली.