पडद्याबाहेरचं बटण

ज्या समाजमाध्यमाला मालकच नाही, त्याच्या मोबाइल ॲपला संस्थापक असणं तत्त्वतः चूक आहे. म्हणून संस्थापकांना सगळे 'संस्थापक' म्हणत ते पद म्हणून नव्हे, निव्वळ प्रेमाने. नोकरी सांभाळून, जेवणाचं अर्धं टेबल अडवून त्यांनी हे ॲप लिहिलं होतं. कोड सगळ्यांना खुला. कोणीही वाचावा, कोणीही सुधारावा. फक्त पहिल्याच दिवशी त्यांनी एक नियम घालून दिला होता: सगळ्यांच्या संमतीशिवाय एक ओळही बदलायची नाही. एकाचीही हरकत आली की बदल थांबला. हुकूमशाही नको म्हणजे नको.

पहिली वापरकर्ती अर्थातच आई. बड्या कंपन्या हेरगिरी करतात, म्हणून संस्थापकांनी तिच्या आणि मावशीच्या फोनमधून निरोप पाठवायची बाकी सगळी साधनं काढून टाकली होती. मावशीला फोनवरचं ऐकू येत नसे, त्यामुळे दोघी बहिणींचा कारभार लिहूनच चालायचा. सोमवारी मावशीचा निरोप आला: "शुक्रवारी डोळ्याचं ऑपरेशन. येशील ना? तू असलीस तरच करून घेणार."

आईने "येते" असं लिहिलं आणि बोट अधांतरी राहिलं.

"अरे, पाठवायचं कुठून?"

संस्थापकांनी फोन पाहिला. आईने ॲपमधली अक्षरं मोठी करून घेतली होती, त्यामुळे 'पाठवा' हे बटण पडद्याबाहेर गेलं होतं; अक्षरं परत लहान करायची सोय अजून मंजूर व्हायची होती. एका ओळीचं काम होतं.

"मग कर की."

"आई, मी असा परस्पर बदल केला तर माझ्यात आणि त्या कंपनीवाल्यांत फरक काय राहिला?"

"बरं, तुझ्या फोनवरून कळव तिला."

"तुझ्या वतीने मी बोलायचं? हा गोपनीयतेचा सरळसरळ भंग आहे."

त्यांनी रीतसर प्रस्ताव मांडला. मंगळवारी चाळीस स्वयंसेवकांनी त्याचं मनापासून स्वागत केलं. एकाने सुचवलं, आईंनी डोळे तपासून घ्यावेत. दुसऱ्याला मुळात बटण असणंच दडपशाहीचं वाटलं, म्हणून उपसमिती नेमली गेली. बुधवारी प्रश्न निघाला की उपसमिती नेमली कोणी? नेमणारा म्हणजे मालकच झाला की! तेव्हा नेमणुकीची पद्धत ठरवायला दुसरी उपसमिती आपोआप उगवली. एक गट रुसला आणि त्याने ॲपची नक्कल करून वेगळी चूल मांडली. बटण तिथेही पडद्याबाहेरच होतं, फक्त हिरव्या रंगाचं.

इकडे मावशीचे निरोप येतच होते. "येणार ना?" "काहीतरी कळव." "रागावलीस का गं?" आई दर वेळी "येते" लिहायची आणि फोन हातात धरून बसायची. संस्थापकांना अगदी गलबलून यायचं. प्रस्तावाखाली त्यांनी तशी नोंदही केली.

गुरुवारी सकाळी कुठल्याशा एका शिक्षिकेने ती ओळ स्वतःच दुरुस्त करून पाठवली. मागे राहिलेल्या सगळ्यांनी संमती दिली. आता एकच हरकत उरली होती.

"कुणाची रे?" आईने कपड्यांची पिशवी भरता भरता विचारलं.

"प्रक्रिया असते, आई."

"काय म्हणते प्रक्रिया?"

"हेच, की अडचण मुळात ज्याने शोधली, त्याचं नाव दुरुस्तीवर त्या बाईंच्या आधी यायला हवं."

"अडचण शोधली मी," आई म्हणाली. पिशवीची चेन लावून, फोन टेबलावरच ठेवून ती बसस्टॉपकडे चालू लागली.

तासाभराने टेबलावरचा फोन वाजला. "दवाखान्याला नको म्हणून कळवलं. पुढची तारीख तीन महिन्यांनी. तुला वेळ नाही, समजले मी." संस्थापकांनी धावत जाऊन हरकत मागे घेतली. पण हरकत मागे घेणं हाही बदलच, आणि त्याला सगळ्यांची संमती लागते. एका सदस्याला मागे घेण्याचं कारण पुरेसं वाटलं नाही.

ती हरकत अजून तिथेच आहे. सगळं खुलं आहे, कोणीही जाऊन चार शब्द सुनावू शकतं. आजवर अकरा हजार लोकांनी हा सगळा प्रकार वाचला, "काय एकेक माणसं असतात" म्हणत मान हलवली आणि ते पुढे गेले. तुम्हाला धरून अकरा हजार एक.