चपला व दुखणी बाहेर काढावीत

डॉ. हेमलता नेसरीकरांच्या दवाखान्यात शिरताना चपलांबरोबर दुखणंही दाराबाहेर काढून ठेवावं लागतं. तशी पाटीच आहे: ‘चपला व दुखणी बाहेर काढावीत.’ गडहिंग्लजच्या लोकांना यात काही वावगं वाटत नाही. कण्हत-कुंथत आत आलेला माणूस धड दोन वाक्यं बोलत नाही. कुठं दुखतं विचारलं तर सगळीकडं म्हणतो. तोच दुखणं रॅकवर ठेवून आला की कसा शहाण्यासारखा बोलतो! तपासून झालं, औषध घेतलं, की जाताना आपापलं दुखणं उचलायचं. औषध लागू पडलं की ते लहान लहान होत जातं, आणि एक दिवस रॅकवर ठेवायला काही उरतच नाही. मग नुसत्या चपला.

रॅकच्या राखणीला मालनमावशी असतात. गुडघे आणि कंबरा जड, म्हणून त्या खालच्या फळीवर. दाढा वरती. लहान मुलांची कानदुखी वेगळ्या परडीत, कारण मोठ्या दुखण्याखाली दबली की ती चिडते आणि मग घरी गेल्यावर पोराला झोपू देत नाही.

आता चपला बदलतात तशी एखाद्या वेळी दुखणी बदलायचीच. बाजारपेठेतले किराणा दुकानदार शंकराप्पा मुरगुडे गुडघा दाखवायला आले आणि दुकान उघडं टाकून आल्याच्या घाईत स्वतःचा गुडघा सोडून सुगंधा कुंभारच्या बाळंतपणाच्या कळा घेऊन गेले. सुगंधा आत टेबलावर चहा पीत, नणंदेची नक्कल करत बाळंत झाली. तिकडं मुरगुड्यांनी साखरेच्या पोत्यावर लोळत सगळी पेठ डोक्यावर घेतली. आणि त्या कळांतच जिल्ह्याला तक्रार ठोकून दिली.

तक्रारीवरून दर्जा व सुरक्षा तपासनीस धोपेश्वरकर आले. चेहरा आंबट, चाल वाकडी. दारात त्यांनी बूट काढले, पण दुखणं काढलं नाही.

“साहेब, ते पण,” मालनमावशी म्हणाल्या.

“अधिकाऱ्याचं दुखणं अधिकाऱ्याजवळच राहतं,” म्हणून ते तसेच आत शिरले.

हेमलताबाईंना आधी सीलच आठवलं. दवाखान्याला सील लागलं तर गावाला दुसरे डॉक्टर होते, नाही असं नाही. पण तिथं रॅक नव्हता. सगळं अंगावर घेऊनच आत बसावं लागे. बाईंना तो विचारच सहन होईना.

“दुखण्यांना नावाच्या चिठ्ठ्या नाहीत?” धोपेश्वरकरांनी विचारलं.

“चपलांना तरी कुठं असतात? ज्याचं त्याला ओळखू येतं.”

“मुरगुड्यांना आलं नाही. बरं, बेवारस दुखणी कचऱ्याच्या कुठल्या पिशवीत टाकता? पिवळ्या की लाल?”

“बेवारस राहतच नाहीत. कोणी ना कोणी नेतं.”

साहेबांचं पेन थांबलं. “कोणी ना कोणी म्हणजे?”

मालनमावशींना गप्प बसवेना. “आता एखादीच्या घरी हळदीकुंकू असलं, साहेब, की शेजारीण म्हणती, आज तुझं डोकं माझ्याकडं दे. दुसऱ्या दिवशी आणून ठेवती की जागच्या जागी!”

“अनधिकृत हस्तांतरण!” साहेब कडाडले. “आणि तेही जाणूनबुजून! उद्या सील.”

बाईंचा मात्र आता पारा चढला. बाहेर बसलेल्या म्हाताऱ्यांकडं एकदा बघून त्या उठल्याच.

“ठोका सील! पण तुमच्याच नियमावलीत लिहिलंय, दवाखान्याची शिस्त सगळ्यांना सारखी. तुम्ही दुखण्यासकट आत आलात. ही तपासणी धरायची कशी? आधी ते बाहेर ठेवा, मग तपासा.”

धोपेश्वरकरांनी नियम काढून वाचला. तसंच होतं. मुकाट्यानं ते बाहेर गेले. कंबरदुखी होती, नोकरीला लागल्यापासूनची. अंगाला अशी चिकटली होती की निघता निघेना. मावशींनी दाराला पाय लावून ओढली तेव्हा कुठं सुटली. खालच्या फळीवर ती जेमतेम मावली.

“अगं आई! एवढं घेऊन हिंडता व्हय साहेब?” मावशींना खरंच वाईट वाटलं.

साहेब पुन्हा आत आले ते ताठ. हात धुवायची जागा बघितली, वापरलेल्या सुयांचा डबा बघितला, औषधांच्या तारखा बघितल्या. सगळं लख्ख होतं. मघाशीही होतं, पण मघाशी त्यांना वाकवत नव्हतं. त्यांनी चहाही घेतला, वर साखर मागितली. राहिली ती तक्रार. मुरगुड्यांना बोलावणं गेलं.

“तक्रार मागं घेतो,” मुरगुडे आल्या आल्या म्हणाले. “कळांत माणूस काय वाट्टेल ते लिहितो, साहेब.”

“पण चुकीचं दुखणं तुमच्याकडं गेलं, हे खरं ना?”

“गेलं, ते बरंच झालं. आमच्या हिची इतकी बाळंतपणं झाली, मी प्रत्येक वेळी गल्ल्यावर बसून होतो. एकदासुद्धा आत डोकावलो नाही. लाज वाटली मला. आणि माझा गुडघा त्या सुगंधानं नेला होता हो. ओली बाळंतीण! म्हणाली, आप्पांनी माझं सोसलं, मी त्यांचं सोसते. भांडून परत आणावा लागला.”

धोपेश्वरकर बराच वेळ लिहीत बसले. दुखणी ठेवण्याची सोय: उत्तम. हस्तांतरण: नागरिकांच्या सहकार्याने, चालू ठेवावे. शेवटी शिक्का मारून त्यांनी बाईंपुढं प्रमाणपत्र ठेवलं, पैकीच्या पैकी गुण! बाहेर बाकावरच्या म्हाताऱ्यांनी टाळ्या वाजवल्या, मावशींनी दारातच नारळ फोडला आणि हेमलताबाई इतक्या वर्षांत पहिल्यांदाच पेशंटांसमोर रडल्या.

साहेब निघाले. बूट होते. खालची फळी मात्र रिकामी होती.

“माझी कंबर?”

“मुरगुडेआप्पांनी नेली,” मावशी म्हणाल्या. “साहेबांना एसटीनं जायचंय, रस्ता सगळा खड्ड्यांचा, म्हणाले. पुढच्या खेपेला आलात की देतील परत.”

रस्त्याच्या टोकाला मुरगुडे कमरेवर हात ठेवून, वाकत वाकत दुकानाकडं चालले होते.

धोपेश्वरकरांनी बूट घातले. मग ते घुटमळले आणि त्यांनी परडीकडं बोट केलं. “हे कोणाचं?”

“सुगंधाच्या थोरलीचं. डावा कान. आज शाळेत नाच आहे तिचा, पण कान घेऊन नाचायचं कसं, म्हणून रडत बसलीय आत.”

“मग द्या ते इकडं,” साहेब म्हणाले. “रिकाम्या हातानं जाणं बरं दिसत नाही.”

मावशींनी जपून दिलं, त्यांनी जपून घेतलं. कळ लागली तसा एक डोळा मिटला. मग डाव्या कानाला रुमाल बांधून, ताठ कमरेनं ते स्टँडकडं चालू लागले.