सगळ्यात मागची व्हर्लीन

डॉक्टरीणबाईंनी व्हर्लीन प्रुइटला स्पष्टच सांगितलं होतं, "तीन महिन्यांत साखर खाली आली नाही, तर इन्सुलिन सुरू." तिची थोरली बहीण याच साखरेपायी गेली होती. म्हणून शनिवारी सकाळी व्हर्लीन चर्चमधल्या बायकांच्या चालण्याच्या गटात निमूट सामील झाली. एकोणीस काळ्या बायका, जांभळे टी-शर्ट, पुढे गटाची म्होरकी ओडेसा, जिला चर्चमध्ये सगळ्या आदराने 'सिस्टर' म्हणत. व्हर्लीन अर्थातच सगळ्यात मागे. बर्मिंगहॅमच्या शाळेत तीस वर्षं मुलांना जेवण वाढताना तिला उभं राहायची सवय झाली होती, चालायची नव्हे.

थोडं पुढे गेल्यावर पायवाटेवर ओकचं झाड आडवं पडलेलं. ओडेसा ओरडली, "मागे फिरा!"

सगळ्या फिरल्या आणि शेवटची व्हर्लीन पहिली झाली.

समोरच तिच्या घराची गल्ली. घरात लोणी घातलेली मक्याची लापशी वाट पाहत होती. ओडेसा आता रांगेच्या पार शेवटी, कुणाला कळणार? व्हर्लीन हळूच गल्लीत वळली.

मागे पावलं वाजली. वळून बघते तर अख्खी जांभळी रांग गल्लीत!

आता स्वतःच्या दारात शिरायचं कसं? जणू घर परक्याचंच, अशा थाटात तिने पाय उचलला.

"व्हर्लीन, अगं जरा हळू!" मागून लॅट्रिस धापा टाकत म्हणाली.

पण थांबलं की विचारणार, इकडे कुठे? व्हर्लीन थांबेना. चौकात पोलिसाने एवढ्या बायका पाहून गाड्या अडवल्या आणि वर सलाम ठोकला. आता परत फिरायचीही सोय उरली नाही. व्हरांड्यातून ऐंशी पार केलेले मिस्टर हॉलिस ओरडले, "पोरींनो, मोर्चा कशासाठी?"

"ब्लडप्रेशरच्या विरोधात!" लॅट्रिस म्हणाली.

"मग थांबा, टोपी घेऊन आलोच!"

ते आले, त्यांच्या शेजारणीही आल्या. चर्चच्या पायऱ्या दिसल्या तेव्हा चार मैल झाले होते. व्हर्लीन पायरीवर धपकन बसली.

"मी एकच मैल ठरवला होता!" मागून लंगडत आलेली ओडेसा कडाडली. "हा रस्ता कुणी काढला?"

व्हर्लीनचा धीर सुटला. "चुकलं माझं. मी पळून घरी चालले होते."



"ते माहीत होतं मला," लॅट्रिस म्हणाली. "मी तुझ्या आडून सटकत होते. पुढच्याच कोपऱ्यावर माझं घर. पण मागे बघते तर ही कोरीन!"

"माझी गाडी तिकडेच उभी होती," कोरीन पुटपुटली.

मग एकेक जण कबुली देऊ लागली. कुणाला गॅसवरचं मटण आठवलं होतं, कुणाला नुसताच पलंग. मिस्टर हॉलिस हसता हसता खोकू लागले.

"आणि ओडेसा, रस्ता चुकलेला दिसत होता, तर तू थांबवलं का नाहीस?" व्हर्लीनने विचारलं.

ओडेसाने नजर चुकवली.

"त्या गल्लीच्या टोकाला माझी नणंद राहते," ती म्हणाली. "शनिवारी ती लोणी-पाकातले वॉफल करते."