सगुणबाबांचं एकोणीसशे पाच

सगुणबाब कोणाच्याही घरी गेले की आधी माणसांकडे पाहत नाहीत; वर पाहतात. उंबरा ओलांडला की मान मागे टाकायची, वासे, आढं, पंखा, पंख्याचा हूक सगळं सावकाश डोळ्यांनी चाचपायचं, आणि मग, घरातली माणसं जणू आत्ताच उगवली असावीत अशा स्वरात विचारायचं, "काय गो, बरीं आसात?" चहाला ते नाही म्हणत नाहीत. पण बसायचं कदेल स्वतः उचलून दाराच्या चौकटीत आणून ठेवतात आणि तिथेच बसतात. चौकट शेवटी पडते, असं त्यांचं मत आहे. तोवर घरातल्या प्रत्येकाला त्यांच्या गुडघ्यांवरून पाय टाकून ये-जा करावी लागते.

आमच्या चुलतदिरांनी डोंगराच्या पायथ्याशी नवं घर बांधलं. वास्तुशांतीला सगळं पाळी गाव लोटलं होतं. होमाचा धूर, ताज्या चुन्याचा ओलसर वास, झेंडूच्या माळा. भटजी आशीर्वाद देऊन थांबले, आणि त्या क्षणभराच्या शांततेत सगुणबाब छताकडे पाहत समाधानाने म्हणाले, "बरां बांधलां. पडलां तर उजवीकडे पडतलां." चुलतदीर अजूनही डाव्या खोलीत झोपतात.

आता त्यांच्या मुख्य इस्टेटीविषयी. कोणाची काजूची बाग असते, कोणाचं कुळागर असतं. सगुणबाबांकडे एक साल आहे: सन एकोणीसशे पाच. त्या साली जगात जिथे जिथे जमीन मोठ्याने हलली, ते सगळं त्यांच्या ताब्यात आहे. खाणीची कचेरी बंद झाली त्या दिवशी रद्दीत त्यांना कुठल्याशा जुन्या इंग्रजी वार्षिकाचं एक सुटं पान मिळालं. त्यावर त्या एका वर्षाच्या भूकंपांची यादी होती. दुसरं पान मिळालं असतं तर सगुणबाब कदाचित कापसाच्या भावांचे तज्ज्ञ झाले असते. पण दैवाने हे पान दिलं, आणि पाळीला एक भूकंपशास्त्री मिळाला.

"कोयनेचा भूकंप माहीत आहे का तुम्हांला?" मी एकदा विचारलं.

"तो कोणीतरी सांभाळीत आसतलो."

"आणि लातूरचा?"

"वयनी, सगळां कोणाक जमना. एका माणसान एक साल नीट सांभाळलां तरी पुरे."

आणि ते सांभाळतात हे मान्य करायला हवं. चार एप्रिल म्हणजे कांगडा. त्या दिवशी ते दाढी करत नाहीत. एक जून म्हणजे अल्बानियातलं श्कोदर. तो उच्चार त्यांच्या कवळीला पेलत नाही, म्हणून ते गाव वर्षातून एकदाच आणि तोंडापुढे रुमाल धरून उच्चारलं जातं. जुलैमध्ये मोंगोलियात चौदा दिवसांच्या अंतराने दोन प्रचंड भूकंप झाले. त्या दोघांविषयी मात्र सगुणबाबांच्या मनात एक कडवट खंत आहे. साऱ्या सालातले हे सर्वांत थोर, आणि झाले कुठे, तर जिथे गवत आणि घोडे. "एवढी ताकद," ते मान हलवून म्हणतात, "आणि बघूक कोण? घोडे!" गावच्या नाटकात चांगली भूमिका वठवावी आणि प्रेक्षक जेवायला उठून गेलेले असावेत, तसा चेहरा होतो त्यांचा.

आठ सप्टेंबरला इटलीतला कालाब्रिया. त्या सकाळी पाववाल्या पोदेराच्या सायकलची घंटा वाजली की सगुणबाब फाटकाशी उभे. गरम पावाची वाफ टोपलीवरच्या कापडातून वर येत असते आणि हे गंभीर आवाजात सांगतात, "आज कालाब्रिया."

"ना बाब," पोदेर म्हणतो, "आज इगर्जेंत सायबिणीचें फेस्त."

"तांचेंय तेंच फेस्त! त्याच दिसा!" सगुणबाब विजयाने म्हणतात. बिचारा पोदेर दोन पाव जास्त देऊन सुटका करून घेतो.

चतुर्थीला आमच्याकडे माटोळी बांधतात, गणपतीच्या डोक्यावर लाकडी चौकटीला टांगलेली रानातली फळं, कवंडाळं, नारळांचा घोस, आंब्याचे टाळे. आरती सुरू झाली की सगळे डोळे मूर्तीकडे लागतात, सगुणबाबांचे माटोळीकडे. एका वर्षी घालीन लोटांगण अर्ध्यावर आलेलं असताना ते "रावा!" म्हणून ओरडले. टाळ थांबले. पंचवीस माणसं हात जोडून, तोंडं उघडी टाकून, एका हिरव्या तोरिंजाच्या फळाकडे पाहत उभी राहिली. तोरिंज किंचित डुललं. पुन्हा डुललं. मग सगुणबाबांनी जाहीर केलं, "वारो."

मी त्यांना सोडलं नाही, हे कबूल करते. कांगड्याला ते नेहमी "आपलो" म्हणत. मी म्हटलं, "आपला कसा? त्या साली आपला गोवा पोर्तुगालात होता. त्या न्यायाने कांगडा परदेश झाला." सगुणबाब उठून गेले. तीन दिवस आले नाहीत. चौथ्या दिवशी आले, वर पाहिलं, चौकटीत बसले आणि म्हणाले, "जमीन पासपोर्त बघना, वयनी." एवढ्या वाक्यासाठी त्यांना तीन दिवस लागले होते. त्या दिवसापासून माझी जीभ अधिकच धारदार झाली.

खरं तर सगुणबाबांचा आणि हादऱ्यांचा संबंध जुना. तीस-एक वर्षं ते खाणीवर भोंगा वाजवण्याच्या आणि मग सुरुंगाचं बटण दाबण्याच्या कामाला होते. दुपारी भोंगा झाला की शेतातली माणसं बांधावरून आत येत, गुरं वळवली जात; मग सुरुंग फुटे. पायांखालून एक जाड, आंधळी लाट सरकत जाई, फळीवरची पितळी भांडी किणकिणत, आणि अंगणातल्या अबोलीवर तांबड्या धुळीचा आणखी एक पातळ थर बसे. त्या किणकिणाटावर पाळीतल्या बायका भाताचं आधण ठेवत. आम्हांला घड्याळ लागत नसे. खाणी बंद पडल्या तेव्हा पुष्कळांचं पुष्कळ गेलं. आमच्या वाड्यावर घरोघरी बरेच दिवस जेवणंही उशिरा झाली. हल्ली पलीकडच्या डोंगरावर पुन्हा काम सुरू झालं आहे. तिथला भोंगा इथवर ऐकू येत नाही. हादरा मात्र येतो, आणि हात आपोआप तांदळाच्या डब्याकडे जातो.

सगुणबाबांची बायको आठ वर्षांपूर्वी गेली. मुलगी सुलभा वास्कोला, सहाव्या मजल्यावर. यंदा पावसाळ्याआधी सगुणबाब छताचा वासा तपासायला स्टुलावर चढले आणि पडले. वासा शाबूत राहिला, मनगट मोडलं. सुलभा आली, रडली, आणि म्हणाली की आता पपांना नेणारच. सगुणबाबांनी सहाव्या मजल्याविरुद्ध एकोणीसशे पाच सालचे सगळे पुरावे मांडले. मुलगी एका बाजूला आणि चार देश दुसऱ्या.

जाताना सुलभा माझ्याकडे आली. "काकी, तुम्हीच सांगा त्यांना. तुमचं ऐकतात ते."

ते माझं ऐकत नव्हते. माझ्याशी भांडत होते. पण मला ते काम आवडलं. मी संध्याकाळी त्यांच्याकडे गेले, आणि त्यांचंच कदेल त्यांच्याच चौकटीत ओढून बसले.

"सगुणबाब, तुमच्या सालात कांगडा आहे?"

"आसा."

"कालाब्रिया? मोंगोलिया? ते रुमालवालं गाव?"

"आसा, आसा. सगळीं आसात."

"वास्को आहे?"

त्यांनी तोंड उघडलं. डाव्या, धड हाताच्या बोटांवर अंगठा फिरवला. यादी पुन्हा वाचायची गरज नव्हती, तरी भिंतीवरच्या फ्रेममधलं ते पान एकदा पाहिलं.

"ना," ते म्हणाले.

"मग? तुमच्या सालाची ग्वाही आहे. जा."

बाहेर फणसावर पाखरांची किलबिल विझत चालली होती. शेवटी ते इतकंच म्हणाले, "खरां आसा. वास्को ना." दुसऱ्या दिवशी त्यांनी पेटी भरायला घेतली. मी घरी येऊन ही गोष्ट नवऱ्याला दोनदा सांगितली, दुसऱ्यांदा जरा नक्कल वाढवून.

रविवारी सुलभा गाडी घेऊन येणार होती. शनिवारी सकाळी मी सोलकढीसाठी नारळ खवत बसले होते. पायांखालून काहीतरी सरकलं. भांडी किणकिणली, पाण्याच्या कळशीत एक बारीक वर्तुळ उमटून मिटलं. मी उठून भाताचं आधण ठेवलं. शेजारच्या शेवंतानेही ठेवलं; भांड्याचा आवाज भिंतीपलीकडून आला. साऱ्या वाड्याने ठेवलं असणार. घड्याळात पाहिलं असतं तर कळलं असतं, अजून अकराही वाजले नव्हते.

मग फाटकाशी आवाज आला. सगुणबाब. प्लास्टरमधला हात गळ्यात, सदऱ्याची बटणं वर-खाली लावलेली.

"वयनी! सगळीं आसात मू घरांत? म्हातारी खंय? चेडू कॉलेजांत गेल्लां काय?"

"आहेत सगळी. काय झालं?"

"घोव?"

"अहो, तेही आहेत. काय झालं काय?"

"चार. बरां," ते म्हणाले आणि वळले. त्यांनी वर पाहिलं नाही. आत आलेच नाहीत. शेवंताच्या फाटकाशी त्यांचा तोच आवाज. "शेवंता, सगळीं आसात मू? धाकलो खंय?" मग पुढचं घर. मग वरचा वाडा.

दुपारी नवऱ्याच्या फोनवर बातमी आली. तो सुरुंग नव्हता. जमिनीचा सौम्य धक्का होता. आमच्या घरातून जे हसू फुटलं ते तीन घरांपलीकडे ऐकू गेलं असेल. जन्मभर ज्याची वाट पाहिली तो प्रत्यक्ष पाळीत आला, आणि भूकंपशास्त्री त्या वेळी लोकांची फाटकं वाजवत फिरत होते! ही बातमी मीच त्यांना द्यायला गेले. तो मान मी दुसऱ्या कोणाला मिळू दिला नसता.

ते पायरीवर बसले होते, धुळीने माखलेले पाय पुढे करून. एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच चौकटीत नाही, पायरीवर.

"सगुणबाब, भूकंप होता म्हणे. तुमचा. पाहिलात का नीट?"

"कळलां माका. सुरुंग दुपारचो, सकाळचो न्हय मरे."

"मग दिवा, पंखा, काहीतरी बघायचं! किती सेकंद, कुठल्या दिशेने. सगळं गेलं की फुकट!"

"भोंगो वाजयल्यार माका कामच तां आशिल्लां, वयनी," ते म्हणाले. "सुरुंगाआधी एकेक घर मनांत घेवचां. पयल्या घरांत सात, शेवंताकडे पाच, तुमगेर चार. कोण भायर उरलां काय? उरूक ना म्हणून बटण दाबचां. तीस वर्सां. एकय दीस चुकूक ना." ते थांबले. "कांगड्यांत पहाटेच्या फांतोडेर जालो. लोक हांतरुणांत न्हिदिल्ले. कोणीतरी दार वाजयल्लां जाल्यार…"

माझ्याकडे त्या संध्याकाळसाठी दोन-तीन तयार टोमणे होते. ते तसेच तोंडात राहून कडू झाले.

"वास्कोला जाऊ नका," मी म्हटलं. "मी सुलभाला सांगते. मी उगाच बोलले त्या दिवशी."

"उगाच न्हय. तां खरां होतां." ते हसले. "खरां आसलां तां मानूक जाय. साल आपलां म्हणून खोटां बोलूक जायना."

रविवारी ते गेले. गाडीत बसताना त्यांनी गाडीचं छत तेवढं हाताने चाचपलं.

दहा-बारा दिवसांनी सुलभाचा फोन आला. आवाज रडवेला नव्हता, वैतागलेला होता. पपा रोज सकाळी इमारतीतली दारं वाजवतात, घरात कितीजण आहात म्हणून विचारतात, वॉचमनकडे तक्रार गेली आहे. मग तिने फोन त्यांच्याकडे दिला.

"वयनी, हांगा चोवीस दारां," सगुणबाब म्हणाले. "नांवां अजून बारांचींच मेळ्ळीं. लोक दार उघडूक भियेतत. पण जातलां."

"हात कसा आहे?"

"हात बरो." पलीकडून बंदरातल्या एखाद्या बोटीचा लांब, घोगरा आवाज आला. मग, अगदी सहज विचारावं तसं, "आमच्या वाड्यार आतां कोण विचारता?"

"मी," मी म्हटलं.

ते खोटं होतं. पलीकडे त्यांनी सोडलेला श्वास मला ऐकू आला. "बरां," ते म्हणाले. "बरां जालां."

मी फोन ठेवला, चपला घातल्या आणि बाहेर पडले. ऊन कलतं होतं, कुंपणावर कोणाची तरी ओली लुगडी. शेवंताच्या फाटकाशी थांबून मी हाक मारली. माझा आवाज मलाच परका वाटला.

"शेवंता! सगळी आहात ना घरात? धाकटा कुठेय?"

ती हात पुसत बाहेर आली आणि माझ्याकडे पाहत राहिली.

"कितें गो? भूकंप आयलो काय?"

"नाही," मी म्हटलं. "कितीजण आहात ते सांग."